देवीच्या साडीची घडी

गेल्या वर्षी नवरात्रात मी आमच्या देवीशी खोटं वागले. हे एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. मी कोणी मोठी भक्त नाही. एका शाळेत ग्रंथपाल आहे, पुस्तकांना नंबर घालते आणि मुलांनी फाडलेली पानं चिकटवत बसते. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावल्याशिवाय स्वयंपाकाला हात घातलेला नाही. आमच्या देव्हाऱ्यात कुलदेवीचा चांदीचा टाक आहे, सासूबाईंच्याही सासूबाईंच्या वेळचा. घासून घासून तिचं नाक पार झिजलंय. दिवा लावताना मी तिच्याशी बोलते. रोजचंच, साधं. आज भाजी करपली, पोरगी उलट बोलली, गुडघा दुखतोय. तिच्याशी मी गेल्या वर्षी महिनाभर एक अक्षर बोलले नाही, आणि जे केलं ते तिच्यापासून लपवून केलं. तिच्यापासून काय लपतं म्हणा! पण घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडलेली असते.

झालं असं की भाद्रपदात माझी पाळी चुकली. वय सदतीस, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. वयाचं असेल म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं, मग घरीच तपासणी केली. दोन रेघा. बाथरूमच्या बादलीवर बसून मी त्या रेघांकडे बघत राहिले. आनंद तर सोडाच, रडूसुद्धा आलं नाही. फक्त भीती वाटली. मुलाच्या वेळी मला काहीतरी झालं होतं. त्याला नाव असतं, औषध असतं, हे फार उशिरा कळलं. आठ महिने मी त्याला पाजलं, न्हाऊ घातलं, तीट लावली, आणि एकदाही त्याच्याकडे बघून हसले नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली नजर गेली की पाय मुद्दाम मागे घ्यावे लागत. ह्यांना तेव्हा कळत नव्हतं, पण नंतर कळलं होतं. दोन रेघा दिसल्या त्या संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "तुला झेपेल का?" मी म्हटलं, नाही. एवढंच आमचं बोलणं झालं. त्यापुढे आम्ही कारणांचा काथ्याकूट केला नाही, आणि इथेही करणार नाही.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी आधी ह्यांना बाहेर बसवलं. मग मला विचारलं, "घरून कोणाचा दबाव आहे का? करा म्हणून किंवा करू नका म्हणून?" मी नाही म्हटलं. सही फक्त माझीच लागते, नवऱ्याची लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सोनोग्राफी झाली, सात आठवडे. पडदा त्यांनी आपणहून माझ्या नजरेआड वळवून ठेवला होता. मग त्यांनी नीट बसवून सगळं सांगितलं. पहिली गोळी त्यांच्यासमोर, बाकीच्या दोन दिवसांनी घरी. "दुखेल. पाळीपेक्षा पुष्कळ जास्त दुखेल, कळा आल्यासारखं. गाठी पडतील, लिंबाएवढ्यासुद्धा, घाबरायचं नाही. थंडी वाजेल, जुलाब होतील, मळमळेल, ते गोळ्यांमुळे. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले आणि दोन तास तसंच चाललं, किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर फोन करत बसू नका, उठून या. आणि पंधराव्या दिवशी तपासणीला यायचंच, कितीही बरं वाटत असलं तरी." मी मान डोलावत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "रडू येईल. कदाचित येणारही नाही. दोन्ही बरोबर आहे." त्या वेळी मला ते बोलणं उगाचच वाटलं होतं.

रविवारी मुलांना फुलंब्रीला माझ्या भावाकडे पाठवलं. सकाळी पोटभर पोहे खाल्ले, कारण तसं सांगितलं होतं, आणि गोळ्या गालात धरून बसले. त्या विरघळताना तोंडात खडू चघळल्यासारखं होतं. तासाभरात दात वाजायला लागले. ऑक्टोबर हिटचे दिवस, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी दोन गोधड्यांत कुडकुडत होते. मग कळा सुरू झाल्या. पाळीचं दुखणं ओटीपोटात असतं, हे कंबरेतून उठून मांड्यांत उतरत होतं. मी दोन बाळंतपणं काढलेली बाई, तरी दोन तास दात-ओठ खाऊन पडून होते. मग बाथरूममध्ये. काही बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. रक्त होतं, काळपट गाठी होत्या, कोणी ओळखू येईल असं काहीही नव्हतं. तरी मी तिथे हात जोडले. का जोडले ते मला आजही सांगता येणार नाही. हे दाराबाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी "ठीक आहेस ना?" विचारत होते, आणि चौथ्यांदा मी खेकसले, "जिवंत आहे!" दुपारी चारच्या सुमारास दुखणं ओसरलं. ह्यांनी खिचडी केली, खाली लागलेली, मीठ नसलेली. ती मी ताटभर खाल्ली.

आणि मला मोकळं वाटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण कोणी बोलत नाही. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री मी गाढ झोपले. लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी, मोकळं वाटलं त्याची. आपण अशा कशा, म्हणून. चौथ्या दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं, छाती दुखायची थांबलीय. पंधरा दिवस ब्लाउजचा स्पर्श सहन होत नव्हता, आणि आता काहीच नाही, जणू कधी काही नव्हतंच. शरीर इतक्या लवकर विसरलं याचा मला राग आला. नळ सोडून मी तिथेच बसून रडले. मला ते मूल हवं होतं म्हणून नाही रडले. निर्णय चुकला असंही कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. तरी रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते हेच असावं.

खरा घोळ पुढे झाला. आमच्याकडे शिवाशिव पाळतात. पाळीचे पाच दिवस देव्हाऱ्याला शिवायचं नाही, बाळंतपणाचा सव्वा महिना, सुतकाचे दहा दिवस. मग ह्याचे किती? ह्याला जन्म म्हणायचं की मरण? विचारणार कोणाला? ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना विचारलं तर म्हणाले, "असलं काही डोक्यात घेऊ नको." मी मुलीला दिवा लावायला सांगितलं. पाच दिवस तिने मुकाट लावला. सातव्या दिवशी म्हणाली, "आई, तुझी पाळी अजून चालूच?" मी म्हटलं, वयाचं असतं. रक्त थोडं थोडं जातच होतं. दोन आठवडे जाऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. पण घटस्थापना चार दिवसांवर आली होती. आमचा घट गेली चार वर्षं माझ्या हाती आहे. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा गंगापूरहून काळ्या मातीची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता तूच बसव. माह्याच्यानं पाटावर बसनं व्हत नाय." दर नवरात्रात त्या आमच्याकडे येऊन राहतात, त्यांना काय सांगायचं?

आमच्याकडच्या बायका सणावाराला काय करतात ते कोणत्याही बाईला विचारा. लग्न असो, तुळजापूर असो, सत्यनारायण असो, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. मीही आयुष्यात चार-पाचदा घेतल्यात. तशाच आणल्या. दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या मेडिकलमधून आणल्या, कारण आमच्या गल्लीतला मला ओळखतो. आतून मला कुठेतरी कळत होतं की ही पाळी नव्हे, हे निराळं आहे, डॉक्टरीणबाईंना एक फोन लावावा. पण त्या नाही म्हणाल्या असत्या, म्हणून लावला नाही. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. मी डोक्यावरून न्हाले, नवी कोरी पत्रावळ मांडली, त्यावर काळी माती पसरली, सात धान्यं पेरली आणि वर घट ठेवला. अखंड दिवा लावला. हे सगळं करताना मी टाकाकडे बघितलं नाही. सासूबाई खुर्चीत बसून सांगत होत्या, "पानी दमानं घाल, दमानं." तिसऱ्या माळेला अंकुर फुटले ते काय फुटले! नुसती पिवळीधमक दाटी. सासूबाई तोंडभरून म्हणाल्या, "यंदा घट लई भरलाय गं, हात लागला तुहा." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. देवीला काहीच कळलं नाही की कळूनही ती मला चिडवतेय, हेच मला समजेना.

तपासणीचा पंधरावा दिवस दुसऱ्या माळेला आला आणि गेला. घट बसलेला असताना, सासूबाई घरात असताना, दवाखान्यात कशाला चाललीस याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिवाय बरंही वाटत होतं. चौथ्या माळेपासून संध्याकाळी अंग गरम व्हायला लागलं. उपासाचा अशक्तपणा म्हणून तापाची गोळी घेतली. पाचव्या दिवशी ओटीपोट हात लावू देईना, आणि वास यायला लागला. मला कळत होतं. मी वेडी नाही, डॉक्टरीणबाईंचे शब्द मला पाठ होते, ताप आणि वास. पण माझ्या मनाने दुसराच अर्थ लावला. ही शिक्षा आहे, आणि शिक्षेवर औषध घ्यायचं नसतं. नऊ दिवस कडक उपास करून सोसलं तर सुटका होईल. मी सकाळ-संध्याकाळ धूप घालायला लागले, म्हणजे वास कोणाला येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "भक्ती वाढली माह्या सुनंची." अशी ती भक्ती.

सातव्या माळेला त्यांनी मला कर्णपुऱ्याच्या देवीची ओटी भरायला पाठवलं. दर वर्षी जाते. मुलं शाळेत, हे कंपनीत. सकाळी साडेनऊला मी रिक्षाने निघाले तेव्हा अंगात ताप होता आणि रस्ता डोळ्यांसमोर हलत होता. जत्रा भरलेली. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भजी, लाउडस्पीकर, आणि बायकांची रांग दूरवर गेलेली. ओटीचं ताट धरून मी रांगेत लागले. मनात एकच होतं, तिच्यापुढे जाऊन म्हणायचं, मला काय करायचं ते कर, माझ्या पोरांच्या वाटेला जाऊ नको. अर्धा-पाऊण तास गेला असेल. पुढे बांबूच्या कठड्याजवळ वळण होतं, तिथे आले आणि आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. गरम धार घोट्यापर्यंत आली. मी ताट पोटाशी धरलं, खाली बघितलं नाही. कानांत शिट्टी वाजायला लागली. नारळ घरंगळत गेलेला आठवतो.

मी पूर्णपणे पडले नाही, कारण मागच्या बाईने मला काखेत धरलं होतं. साठीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर मोठं गोंदण. तिने मला कठड्याला टेकवून बसवलं. बाकीच्या बायका बाजूला सरकत होत्या. एक जण म्हणाली, "अगं बाई, हिची तर पाळी आलीय, देवीच्या रांगेत!" दुसरीने पदर नाकाला लावला. त्या बाईने मान वळवून एवढंच म्हटलं, "आतली देवी बी बाईच हाय, तिला पाळी येत नसंल का? सरका, वारा येऊ द्या." मग ती माझ्यापाशी वाकली, एकदा खोल श्वास घेतला, आणि तिचा चेहराच बदलला. अगदी हळू, माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "दिवस गेले व्हते का तुला?"

तीन आठवडे मी हे ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तापाचं तर ह्यांनाही नाही. आणि त्या अनोळखी बाईला, पाळण्यांच्या गोंगाटात, धुळीत बसून, मी एका दमात सगळं सांगितलं. गोळ्या घेतल्या, पिशवी रिकामी केली, मग घटासाठी रक्त थांबवायच्या गोळ्या घेतल्या, ताप आहे, शिक्षा आहे. ती माझी पाठ चोळत राहिली. शेवटी म्हणाली, "शिक्षा काहून? माही धाकली बहीन अशीच गेली. गावात कोनाकून तरी पोट पाडायला काडी घालून आली, अन् बोलली नाय. आठ दिस तापली, तरी बोलली नाय. आमी म्हनलो हिवताप. हा वास माह्या नाकातून तीस वरसं झाली, जात नाय. ऊठ."

मला उठता येईना. साडी मागून पूर्ण भिजली होती आणि एवढ्या लोकांतून मला तशी चालवत न्यायची तिची तयारी नव्हती. तिने आपली पिशवी उघडली. त्यात ताट, खण, नारळ, आणि एक साडी होती, हिरवी, लाल काठाची, घडी न मोडलेली. तिच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा ह्या बाईने देवीला बोललेली. ती देवीची साडी तिने सर्रकन उलगडली आणि माझ्या कंबरेभोवती गुंडाळायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "नको हो, नवसाची आहे. तुमच्या घरी बाळ आलं म्हणून आणलीय, आणि मी तर..." ती गाठ मारत मारतच म्हणाली, "तिला साड्या लई आल्या. ढीग पडलाय बघ आत. तिच्या लेकीला एक पुरं." आणि मग पदर माझ्या खांद्यावर नीट ओढून, "पोचली म्हन तिला."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. ती मला जवळजवळ उचलूनच रस्त्यापर्यंत आणत होती. एका रिक्षावाल्याने सीटवरचं रक्त बघूनही काही म्हटलं नाही, फक्त "अम्मा, पकडके बैठो, गाडी उडाता मैं," म्हणाला. मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. वाटेत ती माझं डोकं मांडीवर घेऊन एकसारखी बोलत होती, मला झोपू द्यायचं नाही म्हणून. ती बिडकीनच्या पुढच्या एका गावची. दर वर्षी ती तिकडच्याच एका देवीला ओटी भरते, इतक्या लांब कधी येत नाही. "ह्या बारीला सकाळी उठले अन् वाटलं, संभाजीनगरला जाव. सून म्हनली, कशाला वनवन? म्या म्हनलं, मलाच ठाव नाय." एवढं बोलून तिने माझ्या गालावर चापटी मारली, "डोळे उघडे ठेव." मी डोळे उघडे ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि हाकाच मारायला सुरुवात केली. सलाईन, इंजेक्शनं, रक्ताची बाटली. थोडं आत राहिलं होतं आणि त्यात जंतू झाले होते, ते छोटी भूल देऊन काढलं. दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी बसून त्या म्हणाल्या, "थोडं आत राहणं हे काही जणींना होतं, त्यात तुमचा काही दोष नाही. वेळेवर आला असतात तर साध्यात निभावलं असतं. पण ते रक्त थांबवायची घाई कोणाला होती? देवीला?" त्या रागावल्या होत्या, पण मी जे करून घेतलं त्यावर नाही, मी आले नाही त्यावर. हा फरक मला तिथे पडल्या पडल्या हळूहळू समजला. अजून एक दिवस गेला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवटच सोडलं.

ती बाई मात्र गेली होती. हे कंपनीतून धावत येईपर्यंत ती बाकावर बसून होती म्हणे. हे आले तेव्हा तिने फक्त विचारलं, "नवरा का?" आणि ह्यांनी हो म्हटल्यावर, "बोलती ठेव तिला," म्हणून चालायला लागली. नाव नाही, फोन नाही. तिच्याजवळ बसभाडं तरी होतं का, हे ह्यांना विचारायचं सुचलं नाही, आणि त्यावरून मी ह्यांना अजून बोलते. बरी झाल्यावर आम्ही दोघं दोनदा बिडकीनच्या पुढे गाडी घेऊन गेलो. मोठं गोंदण असलेली उंच म्हातारी, एवढ्या खुणेवर गावात दहा बायका दाखवतात. ती त्यांत नव्हती. ऐकणारे म्हणतील, देवीच आली होती. मी असं म्हणत नाही. ती बाईच होती, तिच्या हाताला तंबाखूचा वास होता आणि तिला बहिणीचं दुःख होतं. पण तिला त्या सकाळी कोणी उठवलं, ते मला माहीत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी घरी आले. ह्यांनी सासूबाईंना पोटातली गाठ काढली असं सांगितलं होतं. घट उठवायचा होता. त्या म्हणाल्या, "तू बसवला, तूच उठव." अंगावरून अजून जात होतं. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बोलती ठेव, म्हणाली होती ना ती. सासूबाईंनी ऐकून घेतलं. गुडघे धरत, कण्हत, स्वतः पाटावर बसल्या, घट उठवला, अंकुर सगळ्यांच्या कानांवर ठेवले, माझ्याही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गंगापूरला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "औषधं घे वेळेवर." मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दिवाळीला त्या आल्या नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ते सगळे महिने वाईट गेले. शाळेत पुस्तकांच्या कपाटामागे उभी राहून मी कितीदा रडले, कोणत्या गोष्टीसाठी ते माझं मलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, तिथे सहा-सात वेळा गेले. त्याचा उपयोग झाला, हेही लिहायला हवं.

दिवा मात्र मी दसऱ्यानंतर आठ दिवसांनी लावला. अजून थोडा डाग पडत होता. मुलगी काडेपेटी घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं, आज मी लावते. दोन काड्या विझल्या. टाकावरच्या त्या झिजलेल्या चेहऱ्याकडे मी महिन्याने बघितलं. माझ्याजवळ मागायला काही नव्हतं, कबूल करायलाही काही उरलं नव्हतं. फक्त म्हटलं, "मी आहे तशी आहे बाई, बघ." मी शुद्ध होऊन तिच्यापुढे जायची वाट बघत बसले होते, आणि त्या वाट बघण्यातच मरायला टेकले होते. तिने मात्र मला रांगेत, रक्तात, नारळ घरंगळलेला असताना उचललं, ओटी न भरता. शरण जाणं म्हणजे सोसत राहणं, असं मला वाटायचं. ते तसं नाही. कोणीतरी हात दिला की तो धरणं, एवढंच असतं बहुतेक.

ती साडी मी चार वेळा धुतली. मिठाच्या पाण्यात घातली, लिंबू लावलं, उन्हात टाकली. डाग फिका झाला, गेला नाही. यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. सासूबाई, हातात काळ्या मातीची पिशवी. एसटीतून उतरून रिक्षाने आलेल्या. "फोन तरी करायचा," मी म्हटलं. "माती काय फोनवर येती व्हय?" म्हणाल्या आणि आत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन ती हिरवी साडी नेसले. डाग निऱ्यांवरच येत होता, कितीही फिरवून नेसले तरी. मी देवघराशी आले तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही कुठली?"

"देवीची," मी म्हटलं. "तीच."

त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, माझ्यापुढे आल्या, आणि ज्या गुडघ्यांनी चार पायऱ्या चढवत नाहीत त्या गुडघ्यांवर खाली बसल्या. माझ्या निऱ्या सोडवल्या, एकेक करून पुन्हा घातल्या, डाग आतल्या घडीत घेतला, आणि वरून हाताने चापून चोपून बसवल्या. मग माझाच हात धरून उठल्या.

"हं," म्हणाल्या, "बस पाटावर. माती पसर, दमानं."